अमेरिकेच्या यादवी युद्धाची चित्रमालिका आणि दक्षिण महाराष्ट्राचा कापूस

दूरचित्रवाणीवरील इतिहासमालिका हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला इतिहासकथनाचा एक स्वतंत्र प्रकार असून, त्याचा विचार करमणुकीच्या खात्यात न करता बखर, चरित्र आणि साधनखंड यांच्या बरोबरीने करावा लागतो. कारण इतिहासाचे जाड खंड ज्यांच्या हाती कधी पडत नाहीत अशा असंख्य माणसांची गतकाळाशी पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, ओळख पडद्यावरच होते. भारतात श्याम बेनेगल यांच्या १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एक खोज’ या ५३ भागांच्या मालिकेने हे काम नाट्यप्रवेशांच्या आधारे केले. अमेरिकेत मात्र नटांनी ऐतिहासिक व्यक्तींचे सोंग न घेता केवळ जुनी छायाचित्रे, पत्रे, रोजनिश्या, नकाशे आणि जाणकारांच्या मुलाखती यांवर उभी राहणारी पद्धत विकसित झाली, आणि तिचा सर्वांत प्रभावी नमुना म्हणून केन बर्न्स यांच्या ‘द सिव्हिल वॉर’ या मालिकेकडे पाहिले जाते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही मालिका आहे. परंतु ती अमेरिकन प्रेक्षकाच्या नव्हे, तर सुतावर आणि मागावर जगणाऱ्या इचलकरंजीसारख्या गावातील प्रेक्षकाच्या नजरेने पाहिली असता काय दिसते, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

अमेरिकेचे यादवी युद्ध १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवरील तोफांच्या माऱ्याने सुरू झाले आणि ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करल्यावर व्यवहारतः संपले. दक्षिणेकडील राज्यांनी गुलामगिरीच्या रक्षणासाठी संघराज्यातून फुटून निघणे, हे त्याचे मूळ कारण. त्यात सुमारे ६,२०,००० सैनिक मृत्युमुखी पडले असे दीर्घकाळ मानले जात होते. जनगणनेच्या आकड्यांवरून अलीकडे झालेल्या अभ्यासाने ही संख्या साडेसात लाखांच्या आसपास नेली आहे. युद्धापूर्वी दक्षिणेत जवळपास ४० लाख माणसे गुलाम म्हणून विकली आणि विकत घेतली जात होती. या सगळ्याची कथा सांगणारी नऊ भागांची, अकरा तासांहून अधिक लांबीची ही मालिका सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर लागोपाठ पाच रात्री दाखवली गेली आणि सुमारे ४ कोटी लोकांनी ती पाहिली. ती तयार करायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला, म्हणजे प्रत्यक्ष युद्धाहूनही अधिक.

मालिकेची शक्ती तिच्या छायाचित्रांत आहे, आणि त्या छायाचित्रांच्या मर्यादेतूनच तिची शैली घडली आहे. त्या काळी छायाचित्र घ्यायचे तर काचेच्या पट्टीवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळण्यापूर्वी अंधारात धुऊन काढावी लागे. शिवाय चित्र उमटण्यासाठी काही सेकंद समोरचे दृश्य निश्चल राहणे आवश्यक असे. त्यामुळे मॅथ्यू ब्रेडी, अलेक्झांडर गार्डनर, टिमथी ओसलिव्हन यांच्यासारखे छायाचित्रकार अंधारखोलीची गाडी घेऊन रणभूमीवर पोचले, तरी त्यांना चालती लढाई टिपता येणे शक्य नव्हते. त्यांच्या काचांवर उमटले ते लढाईपूर्वीचे तळ आणि लढाईनंतरची प्रेते. बर्न्स यांनी या निश्चल चित्रांवरून कॅमेरा संथपणे फिरवला, गर्दीतील एका चेहऱ्यापाशी तो थांबवला, त्याखाली तोफांचा, पावलांचा, पाण्याचा आवाज भरला, आणि डेव्हिड मॅक्कलॉ यांच्या संयत निवेदनाने सगळे सांधले. हे कौशल्य असामान्य आहे. तथापि पडद्यावर ऐकू येणारी तोफ १८६३ मधली नाही, ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली आहे, एवढे भान प्रेक्षकाने ठेवणे आवश्यक आहे. तसेच गेटिसबर्ग येथील खडकांच्या आडोशाला पडलेल्या दक्षिणी नेमबाजाचे जे प्रसिद्ध छायाचित्र गार्डनर यांच्या नावावर आहे, त्यातील प्रेत दुसऱ्या जागेवरून उचलून तेथे आणून ठेवले होते, हे पुढे संशोधनाने दाखवून दिले आहे. सुमारे शंभर वर्षे पुरावा म्हणून मिरवलेले चित्रही रचलेले असू शकते.

पत्रांचे आणि रोजनिश्यांचेही असेच आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस ऱ्होड आयलंडचा मेजर सलिव्हन बलू याने पत्नीला लिहिलेले पत्र वाचले जाते आणि त्यामागे व्हायोलिनची एक विलक्षण करुण धून वाजत राहते; पत्र लिहिल्यानंतर काही दिवसांतच बलू लढाईत जखमी होऊन मरण पावला, हे कळल्यावर कोणाही प्रेक्षकाचे मन हेलावते. परंतु त्या पत्राची मूळ प्रत सापडलेली नाही, उपलब्ध आहेत त्या नकला आहेत, मालिकेत वाचलेला मजकूर संक्षिप्त केलेला आहे, आणि ती धून यादवी युद्धाच्या काळातील नसून जे अंगर या वादकाने १९८२ मध्ये रचलेली आहे. दक्षिणेतील मेरी चेस्नट या बाईंची रोजनिशी मालिकेत वारंवार ऐकू येते; ती आज ज्या रूपात प्रसिद्ध आहे ते रूप त्यांनी युद्धानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, मूळ टिपणांवरून पुन्हा लिहून सिद्ध केले होते. घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र आणि घटनेनंतर आठवून लिहिलेले कथन यांची किंमत वेगळी असते, हा विवेक मराठी वाचकाला नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करताना बखरी आणि अस्सल पत्रे यांत हाच भेद ठामपणे केला होता. पडद्यावरील इतिहासालाही तीच कसोटी लावायला हवी. संगीत कितीही मोहक असले तरी ती सैल करण्याचे कारण नाही.

मालिकेवर सर्वांत गंभीर आक्षेप घेतला गेला तो तिच्या शेवटावर. युद्धानंतर १८७७ पर्यंतच्या कालखंडाला अमेरिकन इतिहासात पुनर्रचनेचा काळ म्हणतात. या बारा वर्षांत मुक्त झालेल्या काळ्या लोकांना नागरिकत्व आणि पुरुषांना मताधिकार देणाऱ्या घटनादुरुस्त्या झाल्या, काळे प्रतिनिधी विधिमंडळांत आणि संसदेत बसले, आणि त्यानंतर हिंसा, दहशत व कायद्यातील पळवाटा यांच्या बळावर हे हक्क त्यांच्याकडून हिरावले गेले. मालिका या सगळ्यावरून काही मिनिटांत पुढे सरकते आणि वृद्ध सैनिकांच्या मेळाव्यांकडे जाते. गेटिसबर्गच्या लढाईला ५० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे जुलै १९१३ च्या आरंभी, दोन्ही बाजूंचे म्हातारे सैनिक एकमेकांना भेटले, हस्तांदोलन केले, अशा दृश्यांवर कथेचा भर येतो. एरिक फोनर यांच्यासारख्या इतिहासकारांनी म्हटले की, हा गोऱ्यांचा गोऱ्यांशी झालेला समेट होता आणि त्याची किंमत काळ्यांनी मोजली. मालिकेतच बार्बरा फील्ड्स या इतिहासकार गुलामगिरीचा प्रश्न पुन्हापुन्हा मध्यभागी आणतात, गुलामांनी स्वतःच्या मुक्तीसाठी काय केले ते सांगतात. पण शेल्बी फूट या दक्षिणी कथालेखकाच्या गोड, रसाळ आठवणींना तेथे त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा मिळाली आहे. हा आक्षेप पूर्णपणे योग्य आहे.

याच ठिकाणी मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट आठवणे अपरिहार्य आहे. गेटिसबर्गचा तो मेळावा उठला त्याच जुलै १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुनर्रचनेचा काळ म्हणजे अयोग्य माणसांच्या हाती सत्ता गेल्याचा अनर्थ, असे सांगणाऱ्या इतिहासपंथाचे अध्वर्यू विल्यम डनिंग त्या वेळी त्याच विद्यापीठात शिकवत होते. त्या मताचे खंडन करणारा मोठा ग्रंथ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. आणि याच डू बॉइस यांना १९४६ मध्ये आंबेडकरांनी पत्र लिहून, काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे करण्यात आलेल्या अर्जाची चौकशी केली. त्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. अमेरिकेचे यादवी युद्ध संपून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. त्या युद्धाकडे मुक्तीच्या बाजूने पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात इतकी जुनी असताना, समेटाच्या दृश्यांवर समाधान मानून मालिका बंद करणे मराठी प्रेक्षकाला शोभणार नाही.

मालिकेत कापूस आहे. दक्षिणेची श्रीमंती त्यावर उभी होती हे ती सांगते. परंतु तिची नजर अमेरिकेच्या भूमीवर खिळलेली असल्यामुळे तो कापूस बंदरातून बाहेर पडेनासा झाल्यावर जगात काय झाले, ही कथा तिच्या कक्षेबाहेर राहते, आणि इचलकरंजीच्या दृष्टीने खरी कथा तेथेच सुरू होते. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या सुमारे ८० टक्के कापूस अमेरिकेकडून घेत असत. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दुसरीकडे, कापसावाचून इंग्लंड आपल्याला मान्यता देण्यास भाग पडेल या हिशेबाने दक्षिणेनेही माल अडवून धरला. आधीच्या वर्षांतला साठा संपताच १८६२ मध्ये गिरण्या धडाधड बंद पडल्या आणि त्या हिवाळ्यात लँकेशायरमध्ये सुमारे ५ लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामांच्या मुक्तीला पाठिंबा देणारे पत्र लिंकन यांना धाडले आणि लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी त्याला उत्तर दिले. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. ज्या शहराच्या नावाने हे गाव ओळखले जाते त्या शहराच्या इतिहासातला हा प्रसंग येथील प्रत्येक शाळेत सांगितला जावा इतक्या योग्यतेचा आहे.

अमेरिकन कापसाची जागा भरून काढण्यासाठी लँकेशायरची नजर हिंदुस्थानकडे वळली. येथला कापूस बंदराच्या नावावरून ‘सुरती’ म्हणून विकला जाई, आणि तो विणणाऱ्यांना नकोसा होता. आखूड तंतूच्या या कापसाचे सूत पुनःपुन्हा तुटे, त्यात कचरा आणि सरकीचे तुकडे येत, आणि कामगाराची मजुरी निघालेल्या मालावर ठरत असल्याने प्रत्येक तुटीबरोबर त्याचे पैसे कमी होत. तुटलेला धागा सांधेपर्यंत माग थांबतो आणि मागाबरोबर मजुरीही थांबते, हे इचलकरंजीतील कोणत्याही मागवाल्याला किंवा मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. हजारो कोसांवरच्या त्या विणकराची चिडचिड या गावाला इतिहासकाराहूनही अधिक नेमकी कळेल. सुरती कापसाच्या या दोषामुळेच ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या सुमारास अमेरिकन मळेवाले आणवून येथे अमेरिकन वाण लावण्याचे प्रयोग केले होते. ते बहुतेक ठिकाणी फसले. धारवाड भागात मात्र हे वाण रुजले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. रेल्वे तेव्हा या मुलखात आलेली नव्हती, कोल्हापूरला ती १८९१ मध्ये पोचली. दक्षिण मराठा मुलखाचा कापूस बैलगाड्यांवर लादून सह्याद्रीचे घाट उतरून कुमठ्यासारख्या बंदरांत जाई, तेथून गलबतांनी मुंबईला, आणि सुवेझ कालवा अद्याप खुला झालेला नसल्यामुळे मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला.

मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला तो या वर्षांत. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले, बँका आणि कंपन्या रोज नव्याने निघू लागल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर वाटेल त्या किमतीला विकले जाऊ लागले आणि प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बाजारात कायद्यासारखा चालू लागला. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ मध्ये, म्हणजे या भरभराटीच्या ऐन मध्यावर प्रसिद्ध झाले आहे. १८६५ च्या वसंतात लीच्या शरणागतीची बातमी आली, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस उजाडला तेव्हा असंख्य पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून पुढे उभा राहिलेला राजाबाई मनोरा मुंबई विद्यापीठाच्या आवारात आजही आहे, पण तो पाहणाऱ्या किती जणांना त्याच्या पायाशी असलेल्या पैशाचा व्हर्जिनियातील रणांगणाशी संबंध आहे हे सांगितले जाते?

खेड्यांत त्या पैशाची दुसरी बाजू दिसली. तेजीच्या काळात सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली, आणि तेजीतल्या भावांवर नजर ठेवून सरकारने नव्या पाहणीत शेतसारा वाढवला. भाव उतरल्यावर कर्ज आणि सारा दोन्ही जागच्या जागी राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी जमले, त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या उठावाचे आणि अमेरिकन युद्धाचे नाते किती घट्ट मानावे याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, कारण दंगे झालेल्या तालुक्यांत कापूस हे मुख्य पीक नव्हते; तथापि चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने त्या तेजीची आणि तिच्या ओसरण्याची दखल घेतली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. १८८३ मध्ये पूर्ण झालेला फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ याच पडझडीच्या पार्श्वभूमीवर लिहिला गेला आहे.

बर्न्स यांच्या पद्धतीने या पंधरा वर्षांवर मराठी मालिका करायची ठरवली, तर साधनांची वाण पडणार नाही. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. दंग्यांच्या चौकशीचा अहवाल आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८७७ च्या दुष्काळात जुन्नर भागातून जोतीरावांना लिहिलेले पत्र आहे, आणि बलूच्या पत्राइतक्याच ताकदीने ते मोठ्याने वाचले जाऊ शकते. मोडी लिपीतील कर्जरोखे, पेढ्यांच्या कीर्द आणि खतावण्या आहेत. कमतरता आहे ती हे सर्व एकत्र आणून पाच वर्षे त्याच कामात राहणाऱ्या माणसांची आणि त्यांना पोसणाऱ्या संस्थांची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रीकरण केले होते. ज्या भाषेच्या माणसाने या देशात वृत्तचित्रणाचा आरंभ केला, त्या भाषेत इतिहासाची अशी एकही दीर्घ साधननिष्ठ मालिका सहज आठवू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

याच संदर्भात दुसऱ्या एका अमेरिकन मालिकेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हेन्री हॅम्प्टन यांच्या ‘आइज ऑन द प्राइझ’ या मालिकेचे १४ भाग १९८७ आणि १९९० मध्ये दोन टप्प्यांत दाखवले गेले. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा इतिहास त्यात आहे, आणि तो तज्ज्ञांच्या तोंडून न सांगता ज्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगला, लाठ्या खाल्ल्या किंवा विरोधही केला, अशा प्रत्यक्ष भाग घेतलेल्या माणसांकडून वदवून घेतलेला आहे. साक्षीदार हयात असतानाच ते काम झाले, म्हणून ते शक्य झाले. मात्र त्यात वापरलेल्या जुन्या चित्रफिती आणि गाणी यांचे हक्क ठरावीक मुदतीसाठीच घेतलेले असल्यामुळे मुदत संपल्यावर ही मालिका कित्येक वर्षे दाखवताच आली नाही. नव्याने निधी उभा राहिल्यानंतर २००६ मध्ये ती पुन्हा प्रसारित झाली. स्मृती नोंदवणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या नोंदीवरचा हक्क लेखी स्वरूपात कायम करून ठेवणेही महत्त्वाचे, हा यातून मिळणारा अगदी व्यावहारिक धडा आहे.

इचलकरंजीपासून जवळच, हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली, डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि राजर्षी शाहू महाराजांनी तेथे उपस्थित राहून त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. त्या मांडवात बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा १९७५ मध्ये सत्तर वर्षांचा होता, आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र तोवर घरोघरी पोचू लागले होते. ती संधी आता गेली. यंत्रमागाच्या इतिहासाबाबत मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला, एवढे सर्वांना पाठ आहे. परंतु साध्या मागावर दोन पाळ्यांत उभे राहिलेले कामगार, कांड्या भरणाऱ्या बायका, वहिफणी करणारे, सायझिंगमधले, जॉबर, दिवाणजी आणि कापसाच्या व सुताच्या भावाबरोबर वर-खाली झालेले खर्चीवाले यांचा इतिहास त्यांच्या आठवणीतच आहे, कागदावर फारसा नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या श्रोत्यांना आणि वाचकांना एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुन्या कीर्द-खतावण्या, मजुरीचे हिशेब, मागाच्या खरेदीच्या पावत्या, संपांची पत्रके किंवा कारखान्यातील छायाचित्रे असतील त्यांनी ती रद्दीत न घालता आपटे वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयाकडे निदान प्रत काढून घेण्यासाठी द्यावीत. छायाचित्रांच्या मागे माणसांची नावे, जागा आणि साल आजच लिहून ठेवावे. आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी ऐंशी वर्षांपुढील माग कामगारांची व मागमालकांची कथने त्यांच्या लेखी संमतीने, तारीख आणि ठिकाण नोंदवून, ध्वनिमुद्रित करण्यास याच वर्षी प्रारंभ करावा.